फळांचा खाऊ मुलांच्या हातचा: साखर न घालता कितपत जमतं?

गौरी_जीबीरोड
सुट्टी लागली आणि घरात दोन पोरं मोकाट सुटली आहेत. लेक सहा वर्षांची, नणंदेचा मुलगा दहाचा, तो शाळा सुरू होईपर्यंत आमच्याकडेच. खाली खेळायला जावं तर ऊन मरणाचं, दुपारची झोप दोघांनाही नको आणि चार वाजले की "मामी, खाऊ काय?" रोज दुकानातली रंगीत कांडी द्यायला माझं मन घेत नाही. म्हणून ठरवलंय की यंदा चारचा खाऊ फळांचाच आणि तो या दोघांनीच करायचा. गॅस आणि मिक्सर माझ्याकडे, बाकी सगळं खातं त्यांचं.

आता अडचणी. साखर न घालता कलिंगडाच्या, आंब्याच्या कांड्या लावल्या की दगड होतात. चोखलं की रस निघून येतो आणि काडीला नुसता पांढरा बर्फ राहतो. जेलीच्या तयार पाकिटाला घरगुती पर्याय काय? आणि सहा वर्षांच्या मुलीच्या हातात सुरी द्यावी का?

नवऱ्याचं म्हणणं, "हापूस म्हणजे साखरच, उगाच पौष्टिक म्हणून मिरवू नकोस." त्याच्यासाठीही काहीतरी सणसणीत उत्तर सुचवा.

नेरूळकर
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हेच चालू आहे, फक्त पोरं तीन आहेत.

मीनल_ऐरोली
केळी गोठवा, गौरी. सालीवर काळे ठिपके आलेली, घरात कोणी हात लावत नाही ती. चकत्या करून ताटलीत सुट्ट्या पसरायच्या (एकावर एक टाकल्या तर विटा होतात) आणि रात्रभर फ्रीजरमध्ये. दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून थांबत थांबत फिरवायच्या. आधी नुसता भुगा दिसतो आणि वाटतं फसलं. फिरवत राहिलं की एकदम मऊसूत आइस्क्रीम तयार. दूध नाही, साखर नाही. त्यात आंब्याचा गर, चिकू किंवा चमचाभर कोको. सोलणं, कापणं, पसरणं सगळं सहा वर्षांचं मूल करू शकतं. केळं बोथट सुरीनेही कापलं जातं, त्यामुळे सुरीची शाळा तिथूनच सुरू कर.

मिक्सर गरम होतो हे मात्र लक्षात ठेव. थोडं थोडं घाल.

नौपाड्याचे_आजोबा
आंबा कापा, ताटात ठेवा, मुलांना अंगरखे काढून बसवा. झाला खाऊ. बाठ चोखण्यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. फळ देवाने तयार करूनच पाठवलं आहे, त्याला पुन्हा साच्यात कशाला घालायचं? साच्यात घातलं की मूल तीन आंब्यांचा गर चाटून मोकळं होतं, कापून दिला तर एकावर थांबतं.

चक्का_वाटी
आजोबांना +१. पण आजोबा, आमची कार्टी पपई कापून दिली तर नाक मुरडते आणि तीच पपई काडीला लावली की दोन मागते. काय करायचं?

नौपाड्याचे_आजोबा
काडी देऊ नका. भूक लागली की खाईल.

पथ्यपाणी
वाशीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

गौरी, नवऱ्याचं म्हणणं आकड्यांत बरोबर आहे. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते. कोलाच्या १०० मिलीमध्ये साडेदहाच्या आसपास. म्हणजे नुसत्या आकड्यांवर आंबा हरला! पण ३०० मिलीची बाटली पोरगं दोन मिनिटांत संपवतं, त्यात तीस ग्रॅमच्या वर साखर आणि दुसरं काहीच नाही. आंब्यात तंतू आहेत, शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते बीटा-कॅरोटीन आहे, क जीवनसत्त्व आहे, आणि चावून खायला वेळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जे सांगितलं ते अख्ख्या फळातल्या साखरेबद्दल नाही. वरून घातलेली साखर, गूळ, मध, सरबतं आणि फळांचा रससुद्धा, हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या खाली ठेवा, ५ टक्क्यांच्या खाली आलं तर आणखी चांगलं, असं ते म्हणणं. त्यामुळे "साखर नाही, मध घातलाय" यात साखर टळलेली नसते. खजुराचंही तेच, त्यात दोन तृतीयांश साखरच आहे. तंतू आणि खनिजं मिळतात म्हणून एखाद-दुसरा घाला, पण वाटीभर खजूर वाटून लाडू केले आणि "यात साखर नाही" म्हणून पाच दिले, तर मुलाच्या पोटाला ते कळत नाही.

आजोबांचा मुद्दा मला मान्य आहे. वाटलेलं फळ चावलेल्या फळापेक्षा भराभर जातं. म्हणून रस गाळू नका, गर तसाच ठेवा, साचे लहान घ्या.

आणि कोणाकडे वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध अजिबात नको, बोट्युलिझमचा (एक गंभीर विषबाधा) धोका असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं देऊ नका. उभी चिरून चार तुकडे करा, घशात अडकतात. जेलीच्या गोल वड्यांचंही तसंच.

प्रसाद_खारघर
म्हणजे बायको जो "पौष्टिक" लाडू डब्यात देते त्याला मी आता नाही म्हणू शकतो? ताई, हे लेटरहेडवर मिळेल का?

पथ्यपाणी
नाही. घरात शांतता ही पण पथ्याचीच बाब आहे.

शीतगृह_तुर्भे
कांडी दगड का होते ते सांगतो, पोटापाण्याचा धंदाच गारव्याचा आहे.

साखर विरघळली की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ च्या आसपास. साखरेच्या मिश्रणात त्या तापमानालाही थोडा भाग पाकासारखा द्रव राहतो, म्हणून कांडी दाताने तुटते. साखर काढली की जवळजवळ सगळं पाणी बर्फ होतं. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणून ते सगळ्यात वाईट. आंब्यात पाणी कमी, वर तंतू आणि पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक), म्हणून तो जरा बरा.

यावर उपाय म्हणजे घट्ट फळ निम्मं घ्या: केळं, चिकू, आंबा, सीताफळ. त्यात थोडी स्निग्धता हवी. टांगलेलं सायीचं दही किंवा नारळाचं घट्ट दूध. स्निग्धांश स्फटिकांच्या मध्ये येतो आणि कांडी मऊ राहते. साचे लहान आणि फ्रीजरच्या तळाला, दारात नाही. जितकं लवकर गोठेल तितके स्फटिक बारीक.

आणखी एक, गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. मिश्रण चाखताना "जरा जास्तच गोड झालं" असं वाटलं पाहिजे, म्हणजे गोठल्यावर बरोबर लागतं. त्यासाठी साखर घालायची नाही, फळ पूर्ण पिकलेलं घ्यायचं. अर्धकच्च्या आंब्याची कांडी करून साखरेला दोष देऊ नये.

कलिंगडाशी भांडूच नका. त्याची कांडी करायची नाहीच. वाटून पसरट डब्यात ओता, अर्ध्या-पाऊण तासाने काट्याने खरवडा, पुन्हा ठेवा, पुन्हा खरवडा. वरून लिंबू, काळं मीठ, चमचाभर कोकमाचं आगळ. पोरांना खरवडायला द्या, तेवढीच दुपार जाते.

गौरी_जीबीरोड
शीतगृहदादा, हे इतकं सरळ कोणी सांगितलंच नव्हतं. भाच्याला वाचून दाखवलं, तो आता फ्रीजरमध्ये मिठाचं पाणी, साखरेचं पाणी आणि साधं पाणी अशा तीन वाट्या लावून बसलाय. पाच पाच मिनिटांनी दार उघडतोय.

नेरूळकर
पाच मिनिटांनी दार उघडलं तर काहीच गोठणार नाही, शास्त्रज्ञाला कळवा.

बोंबील_आणि_मी
तुम्हा लोकांच्या फ्रीजरमध्ये जागा असते? आमच्याकडे मटार, खवलेलं खोबरं, कोळंबी आणि साबांनी (सासूबाईंनी) जपून ठेवलेला कसलासा मसाला. आंब्याच्या कांड्यांना कोळंबीचा मस्त वास लागला. लेकाने "नवीन फ्लेवर" म्हणून संपवल्या, आगरी रक्त आहे.

मीनल_ऐरोली
हसून हसून पुरेवाट! झाकणाचे साचे घे गं. नाहीतर कागदी पेल्यात ओतून वर फॉइल लाव, फॉइलला भोक पाडून काडी खोच. काडी उभी राहते आणि वासही लागत नाही.

स्वाती_कोपरी
साच्यांवर पैसे घालवू नका. स्टीलची छोटी फुलपात्री चालतात. जुने अॅल्युमिनियमचे कुल्फीचे साचे घरात असतील तर दुधाच्या मिश्रणाला वापरा, कोकम-लिंबू असं आंबट त्यात ठेवू नका.

माझ्या जावेने कुठलीतरी रील बघून कांडी केली. त्यात चिया, बदामाचं दूध, मेपल सिरप, परदेशी ब्लूबेरी. एका कांडीचा खर्च काढला तर त्यात अर्धा डझन हापूस आला असता. आपल्या दारात करवंदं-जांभळं विकायला येतात हो.

चक्का_वाटी
अवांतर: आंबे कुठून घेता? जांभळी नाक्याला भाव ऐकूनच घाम फुटतो.

प्रसाद_खारघर
वाशीच्या एपीएमसी फळबाजारात पहाटे जा. घाऊक बाजार आहे, एक-दोन डझनासाठी जाण्यात अर्थ नाही. चार घरं मिळून पेटी घ्या. कांड्या आणि रसासाठी हापूसच हवा असं काही नाही, पायरी उत्तम. डागाळलेला, जरा मऊ झालेला आंबा स्वस्त मिळतो आणि आपल्याला तसाच हवा असतो. सडका नको, मऊ.

स्वाती_कोपरी
पण कार्बाइडवाला नको. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग). रंग सगळीकडे एकसारखा पिवळाधमक आणि आत गर पांढुरका, आंबट असेल तर मी परत त्या गाडीवर जात नाही. आढीत घालून घरी पिकवलेला सगळ्यात बरा, आणि ते कामही पोरांना देता येतं. रोज वास घेऊन कुठला तयार झाला ते शोधायचं.

नेरूळकर
आणखी अवांतर: हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड यांच्यासोबत पालघर आणि ठाणे जिल्हाही आहे. म्हणजे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधलं कलम पण मानांकित? वॉचमन दरवर्षी आमच्या आधी उतरवतो, त्याला पेटीवर शिक्का मारायला सांगतो.

पथ्यपाणी
मूळ प्रश्नातला जेलीचा भाग राहिलाच.

चायना ग्रास वापर, गौरी. समुद्री शेवाळापासून होतं, शाकाहारी आहे. तयार पाकिटातलं जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं, त्यामुळे तसंही बऱ्याच घरांत नको असतं. चायना ग्रास भिजवून पाण्यात उकळ, एकही धागा दिसता कामा नये. गॅस बंद करून मग गर किंवा रस घाल. फार आंबट फळ असेल तर रस घालून उकळत बसू नकोस, नाहीतर नीट धरत नाही. रस फ्रीजमधला गारढोण नको, ओतता ओतता गुठळ्या होतात. हे बाहेरच सेट होतं आणि एकदा धरलं की आपल्या मे महिन्यात टेबलावर ठेवलं तरी वितळत नाही. जिलेटिनची जेली पाझरायला लागते.

भाच्याला प्रयोगांची हौस आहे ना? अननस, पपई, किवी यांत प्रथिनं तोडणारी एंझाइम्स असतात. कच्चा अननस घातला तर जिलेटिन धरतच नाही, चायना ग्रास धरतं, कारण ते प्रथिन नाही. तेच कारण कच्च्या अननसाचं दही किंवा दूध थोड्या वेळाने कडू होण्यामागे. अननस आधी शिजवून घेतला की दोन्ही त्रास जातात.

बोंबील_आणि_मी
अच्छा, म्हणून लग्नातलं अननसाचं रायतं कधी कधी कडवट लागतं! मला वाटायचं आचारी मुलीकडच्यांवर खूश नाही.

आत्या_दापोलीची
मी आता सीवूड्सला मुलाकडे असते. नातवंडांना आंबापोळी शिकवते दर वर्षी, इथे कोणी नाव कसं घेतलं नाही?

रस गाळून घ्यायचा, गुठळी नको. ताटाला तुपाचा हात, वर पातळ थर. पातळ म्हणजे ताट अंधुक दिसेल इतका. कडक उन्हात वाळला की दुसऱ्या दिवशी वर दुसरा थर. जाड थर एकदम घातला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि आंबतो. हापूस गोड असेल तर साखर लागत नाही. कडेने सुटायला लागला आणि बोटाला चिकटला नाही की झालं. नातीचं काम राखण: कावळे हाकलायचे आणि स्वतः खायचं नाही. दुसरं कलम ती पाळत नाही.

फणसाची पोळी पण होते, बरक्या फणसाची.

गौरी_जीबीरोड
आत्या, माझ्या बाल्कनीत ताट ठेवलं तर आंबापोळी नाही, मेट्रोपोळी होईल. घोडबंदर रोडची धूळ तुम्हाला माहीत नाही.

आत्या_दापोलीची
वरून मलमल बांध, ताटाला टेकू देऊ नकोस. नाहीतर गच्चीवर ने. मेच्या शेवटी हवा दमट झाली की सोडून दे, बुरशी धरते.

शीतगृह_तुर्भे
ओव्हनमध्ये होते. ६०-७० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, काही तास. १०० च्या वर नेलं की कडा करपतात. बऱ्याच एअर फ्रायरलाही वाळवणाची सोय असते.

नौपाड्याचे_आजोबा
आंबापोळीला माझी हरकत नाही. ती खाऊ नव्हे, साठवण आहे. वसईकडची सुकेळी कोणी मुलांना दिली आहेत का? राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, साखरेचा कण नाही. आगाशीची प्रसिद्ध. हल्ली करणारी घरं कमी राहिली, पण मिळतात. मध्ये शंभर वस्तू घालून जो बार विकतात त्यापेक्षा हे बरं.

चक्का_वाटी
आजोबा आत आले धाग्यात! स्वागत.

नौपाड्याचे_आजोबा
मी बाहेर नव्हतोच. साच्याला विरोध होता, तो आहे. आणि ताडगोळे आणा, सोलायला मुलांना बसवा. त्याला ना मिक्सर ना काडी.

पथ्यपाणी
सुकेळी, आंबापोळी दाताला चिकटून बसतात हो. खाल्ल्यावर चूळ भरायला लावा. आणि पाणी उडून गेल्यामुळे एका पोळीत किती आंबे आहेत ते कळत नाही, तेव्हा बोटभर तुकडा पुरे.

प्रसाद_खारघर
बाटलीतल्या "फ्रूट ड्रिंक"बद्दल बोलायचं राहिलं. नियमाने त्यात फळाचा रस किमान १० टक्के असला की झालं, लिंबाचं असेल तर ५. बाकी पाणी आणि साखर. २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआयने (अन्नाचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) "१०० टक्के फळांचा रस" हा दावाही वेष्टनांवरून काढायला सांगितला, कारण पावडर-अर्कापासून पाणी घालून केलेला रस तसाच विकत होते. मुलाला मी घटकांची यादी वाचायला लावतो. आता तो दुकानात मोठ्याने वाचतो, दुकानदार मला बघून शटर ओढायच्या बेतात असतो.

स्वाती_कोपरी
सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले ना, आमच्या मुलीच्या शाळेत लागलाय. त्याचा परिणाम म्हणजे ती माझ्या चहातले चमचे मोजते.

गौरी_जीबीरोड
करून बघितलं, म्हणून कळवते.

आंबा आणि टांगलेलं दही निम्मं निम्मं, एक केळं, चिमूटभर वेलची. कांड्या दाताने तुटतात! लेकीने आंबे मऊ करून पिळले, कोपरापर्यंत रस. बोथट सुरीने केळं कापलं, डाळिंब पाण्याच्या पातेल्यात बुडवून सोलायला दिलं तर भिंत वाचली. खरी सुरी अजून दिली नाही. भाच्याला दिली, बोटं आत वळवून धरायची हे दाखवून आणि मी शेजारी उभी राहून. कलिंगड खरवडायला दोघांचं भांडण, शेवटी दोन डबे केले.

लेकीला केळ्याचं आइस्क्रीम आवडलं नाही. "केळ्याचा वास येतो" म्हणे. आता केळ्याला केळ्याचाच वास येणार ना! भाचा मात्र दोघांचं खातो. पपई काडीला लावूनही उपयोग शून्य, चक्का_वाटीची मुलगी इकडे पाठवा.

नवऱ्याला पथ्यपाणीताईंचा कोलाचा हिशोब वाचून दाखवला. त्याने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाला, "मग मी कोला कमी आणि आंबा जास्त खातो, कांडी दे." मुलांसाठीच्या कांड्यांचं गणित त्यामुळे कोलमडलं आहे.

आता पुढचं विचारते. जून आला की आंबा संपणार. येऊरच्या बायका जांभळं आणतात, त्याचं काय करता येईल?

मीनल_ऐरोली
बिया काढून मीठ लावून गर चोळायचा, चाळणीतून काढायचा, दह्यात घालून गोठवायचा. रंग बघूनच पोरं वेडी होतात. चव तुरट, म्हणून केळं लागतंच. लेकीला सांगू नकोस.

आत्या_दापोलीची
बिया टाकू नका, पेरायला लावा. आणि जुने कपडे घाला पोरांना.

बोंबील_आणि_मी
साबांच्या पांढऱ्या ओट्यावर जांभूळ सांडलं तर काय लावायचं? तातडीचं आहे.

स्वाती_कोपरी
लिंबू आणि मीठ, लगेच. पण ओटा संगमरवरी असेल तर लिंबू अजिबात नको, चरे पडल्यासारखा डाग राहतो. त्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लाव आणि थोडा वेळ झाकून ठेव.

बोंबील_आणि_मी
संगमरवरीच आहे. सोडा लावून वर पोळपाट ठेवलाय. साबा पाचला येतात.